नवव्या रकातीची धास्ती

या दुनियेत माणसानं एका अल्लाहशिवाय कुणालाही भिता कामा नये, असं फ्रिजवाल्याचं स्पष्ट मत होतं. हे मत तो गिऱ्हाइकांसमोर आणि बायकोसमोर ठणकावून मांडी. मोठ्या भावासमोर मात्र त्यानं ते कधी काढलं नव्हतं, आणि सासरे घरी राहायला आल्यापासून बायकोसमोरही जरा हळू आवाजात मांडी.

सासरे परगावी एका खोलीत एकटेच राहत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डोळ्यांत थेंब घालायला कुणी नाही, म्हणून लेकीनं त्यांना ट्रंकेसकट उचलून आणलं. रमजान तोंडावर आला तेव्हा कुठे फ्रिजवाल्याच्या लक्षात आलं, की ट्रंकेबरोबर वीस रकातीही घरात आल्यात.

रमजानच्या रात्री इशाच्या, दिवसातल्या शेवटच्या नमाजीनंतर जमातीनं, म्हणजे सगळे मिळून, जास्तीची नमाज पढतात, ती तरावीह. तिच्या रकाती, म्हणजे उभं राहण्यापासून सजद्यापर्यंतची आवर्तनं, वीस, असं सासऱ्यांचं म्हणणं. खलिफा उमर यांच्या काळापासून लोक वीस पढत आले, मोठमोठे इमाम वीसच सांगून गेले, ते काय सगळे रिकामटेकडे होते? भाऊ फ्रिजवाल्याच्या दुरुस्तीच्या दुकानातच अर्ध्या भागात पंपाच्या मोटारी रिवाइंड करी आणि आठावर ठाम होता. खुद्द प्रेषितांच्या पत्नीनं, बीबी आयेशांनी सांगून ठेवलंय, प्रेषित रात्रीच्या नमाजीत आठ आणि वर शेवटच्या वित्रच्या तीन यापुढे जात नसत. मग आपण कोण मोठे लागून गेलो? दोघांचेही पुरावे भक्कम. फ्रिजवाल्याला दोघांचंही पटे, हीच तर पंचाईत होती.

मोहल्ल्यात मशीद एकच, आणि तिनं गुण्यागोविंदानं मार्ग काढला होता. इमाम वीस पढवी. आठ झाल्या की जरा विसावा असे, त्यात आठवाले निमूट उठून जात आणि वीसवाले घोटभर पाणी पिऊन पुढे चालू लागत. अडचण एवढीच, की त्या विसाव्यात कोण उठलं नि कोण बसलं हे आंधळ्यालाही दिसे. आणि सासऱ्यांचा तर मोतीबिंदू नुकताच निघालेला.

भाऊ कधी ओरडत नसे. तांब्याची तार गुंडाळता गुंडाळता, मान वर न करता तो म्हणाला होता, "आठाला उठला नाहीस, तर मी समजेन तू सासरचा झालास. मग मधे भिंत घालू. तू तुझे फ्रिज बघ, मी माझ्या मोटारी."

सासऱ्यांनी त्याच संध्याकाळी, डोळे मिटून थेंब मुरवत असताना, तितक्याच शांतपणे सांगितलं. ज्या घरचा कर्ता तरावीह अर्धी टाकून उठतो, तिथला घास आपल्या घशाखाली उतरायचा नाही. आपण आपल्या खोलीवर परत जाऊ. फ्रिजवाल्याला ती खोली डोळ्यांपुढे दिसली. म्हातारा मान मागे टाकून बसलाय, हात थरथरतोय आणि औषध गालावर सांडतंय. दोघंही शब्दाला पक्के होते. एखादा जरी थापाड्या असता, तर याला रात्री झोप लागली असती.

बायकोनं तोड काढली. घरीच पढा, तीही चालते. ती स्वतः वर्षानुवर्षं घरीच पढत होती. किती, हे तिला अद्याप कुणी विचारलं नव्हतं. फ्रिजवाला म्हणाला, मग भाऊ म्हणेल सासऱ्यांच्या धाकानं घरी बसला, आणि सासरे म्हणतील भावाच्या.

"मग अल्लाहला भ्या," ती पोळी उलटत म्हणाली. "एकालाच भ्यायचं, सोपं जातं."

पहिल्या तरावीहच्या दिवशी त्यानं एका फ्रिजच्या दाराचं रबर उलटं बसवलं आणि दुसऱ्यात गळती न शोधताच गॅस भरला. पोटात सकाळपासून काहीतरी थंडगार बसलं होतं आणि त्याला कुठलाच थर्मोस्टॅट नव्हता. उशिरा जायचं, मागच्या रांगेत अनोळखी माणसांत उभं राहायचं, असं त्यानं ठरवलं होतं. तो पोचला तेव्हा पुढच्या रांगेत एका माणसापुरती जागा राखून ठेवलेली होती. तिच्या एका बाजूला भाऊ होता, दुसऱ्या बाजूला सासरे. दोघांनीही त्याला प्रेमानं हात केला.

तो मधे उभा राहिला. दोन्ही खांद्यांना खांदे भिडले आणि त्याला वाटलं, आपण शिकंज्यात धरलेली नळी आहोत. इमामाचा आवाज गोड होता. याला मात्र त्यातले आकडे तेवढे ऐकू येत होते. दोन झाल्या. चार झाल्या. सहा झाल्यावर त्यानं मनातल्या मनात दुआ मागितली, की वीज जावी. वीज काही गेली नाही.

आठव्या रकातीच्या शेवटच्या सजद्यात त्यानं कपाळ टेकलं. इमामानं अल्लाहू अकबरची तकबीर म्हटली, सगळी रांग उठून बसली. आणि फ्रिजवाला उठलाच नाही.

हे त्यानं ठरवून केलं नव्हतं. उठायचं तर एका बाजूला व्हावं लागणार, हे मानेला कळलं आणि मानेनं नकार दिला. वर नमाज संपल्याचा सलाम फिरला. गालिच्याला कुबट वास येत होता. आठवाल्यांची पावलं दाराकडे सरकू लागली. त्याला वाटलं, भाऊ जाईल, समजेल हा येतोय मागून. सासऱ्यांना वाटेल जावई दुआ मागतोय. मग हळूच काय ते बघू.

पण भाऊ जागचा हलला नाही. सासरेही पाणी प्यायला उठले नाहीत.

"अरे," भावाचा आवाज आला. त्यात नेहमीचा शांतपणा नव्हता. पाठीवर एक हात पडला. मग दुसरा, हलका, थरथरता. नाकाखाली कुणाचं तरी बोट आलं, आणि फ्रिजवाल्यानं धास्तीनं श्वासच रोखला, तेवढं सोडून त्यानं दुसरं काहीही करायला हवं होतं.

"श्वास चालत नाहीये," सासरे म्हणाले.

इमाम नवव्या रकातीला उभा राहिला होता, पण सासऱ्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. भावानं बगलेत हात घातले, म्हाताऱ्यानं पाय धरले. डॉक्टरांनी वाकायला मना केलंय, असं कुणीतरी म्हणालं. "गप रे," म्हातारा म्हणाला. त्यांनी त्याला बाहेर अंगणात आणून नमाजीआधी हातपाय धुवायच्या, वुजूच्या नळांशी भिंतीला टेकवला, तेव्हा त्यानं डोळे उघडले. भावाचा चेहरा पांढराफटक पडला होता. सासऱ्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते थेंबांचं नव्हतं.

"मला काही झालेलं नाही," फ्रिजवाला म्हणाला. खोटं बोलायचं बळच उरलं नव्हतं. "मी भ्यालो."

"कुणाला?" भावानं विचारलं.

त्यानं एकदा भावाकडे पाहिलं, एकदा सासऱ्यांकडे. तेवढं पुरलं.

भाऊ खाली बसला. आत इमामाचा आवाज चालू होता. आता थप्पड बसेल या हिशेबानं फ्रिजवाल्यानं मान आत ओढून घेतली. पण भाऊ सासऱ्यांना म्हणाला, आणि या वादापायी त्यांना अशी हाक किती वर्षांत मारली नव्हती कुणास ठाऊक, "अब्बाजी, माझा जीव गेला होता."

"माझाही," सासरे म्हणाले. मग त्यांनी बाहीनं डोळे टिपले. "प्रेषितांनी काही रात्री ही नमाज जमातीनं पढवली आणि मग बाहेर येणंच थांबवलं. का, ठाऊक आहे ना?"

"लोकांवर सक्तीची होईल, या भीतीनं," भाऊ म्हणाला. "हे तर मी तुम्हालाच सांगायचो."

"आणि मी तुला. दोघं मिळून केली बघ याच्यावर सक्ती."

भावानं मान खाली घातली. सासऱ्यांना भिंतीला टेकायला जागा हवी होती, तर तो सरकला. भिंतीची गोष्ट कुणी काढली नाही. खोलीवर परत जायचीही नाही.

मग दोघंही एकदम फ्रिजवाल्याकडे वळले.

"तूच सांग," भाऊ म्हणाला. "तुला स्वतःला किती पढायच्यात?"

आजवर हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. त्यानंही स्वतःला कधी विचारलं नव्हतं. दोघं वाट बघत होते, रागावलेले अजिबात नव्हते, आणि तेच जास्त भयंकर होतं. आत दहावी रकात संपून सलाम फिरला. फ्रिजवाल्यानं घसा खाकरला, दोघं पुढे झुकले.

"आधी कुणीतरी हात द्या," तो म्हणाला. "पायाला मुंग्या आल्यात."