टाचणी लावलेली पानं

आमच्या रावांना वाटतं, मला काही कळत नाही. भुजंगराव त्यांचं नाव. तोंडानं घेत नाही मी, पण लिहायला काय जातंय!

दर शनिवारी ते मराठी मंडळाच्या कपाटातली एक जुनी कादंबरी आणतात. पण आधी स्वतः वाचतात, मेटगळ्ळीच्या कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत. गोष्टीतली बायको वेडी झाली की तेवढी पानं मला उघडता येऊ नयेत म्हणून एकत्र टाचण्यांनी टोचायची आणि मग पुस्तक माझ्या हातात द्यायचं. आणि त्या कादंबऱ्यांत बायकांना दुसरा धंदाच नाही! सासूनं छळलं, नवऱ्यानं टाकलं, की लागल्या केस सोडून हसायला. पुढे विहीर, नाहीतर माडीवरची कुलूप लावलेली खोली.

सदुसष्ट साली धाकटी तुळसी झाली आणि माझंही डोकं फिरलं. दोन महिने इस्पितळात होते. त्याला आता सात वर्षं झाली. रोजची गोळी घेते, घर चालवते, गल्लीतल्या पोरींना शिवण शिकवते. तरी यांच्या टाचण्या सुटत नाहीत. बरी झाले ना मी? मग बरी म्हणा की!

परवाच्या पुस्तकाची तर शेवटची वीस पानं टोचलेली. माझं डोकंच सणकलं. पुस्तक यांच्या पुढ्यात आपटलं.

"काढा त्या टाचण्या. आणि वाचून दाखवा."

"सुम्ने उगाच कशाला त्रास, वनजा? शेवट चांगला नाही."

"वाचा म्हणते ना!"

वाचू लागले बिचारे. गोष्टीतली बाई विहिरीच्या काठाशी आली आणि हे वाचायचे थांबले. चष्मा काढून डोळे पुसायला लागले.

"त्या दिवशी परसातल्या विहिरीपाशी तुझा पदर हाताला लागला म्हणून," म्हणाले, "नाहीतर..."

अय्यो देवा! मला यातलं काहीच आठवत नव्हतं. सात वर्षं मी समजत होते, यांना माझा भरवसा नाही. माझा राग कुठल्या कुठे गेला, आणि रडू आलं.

मग पुस्तक मीच घेतलं, यांच्या शेजारी बसून उरलेली पानं मोठ्यानं वाचली. ती बाई बुडाली. मी पुस्तक मिटलं, टाचण्या शिवणाच्या डबीत टाकल्या. पाहते तर माझा पदर यांच्या मुठीत.

"सोडा आता," म्हटलं, "कॉफी करायची आहे."