चांगुणाचं गाणं

कळव्याच्या खाडीकाठी मिठागरातल्या टोपल्या गाण्यावर चालत. चांगुणा ओळ उचलायची, मागच्या बाया ती झेलायच्या, आणि त्या तालावर डोईवरचं मीठ राशीपर्यंत पोचायचं. आगगाडीचा पूल झाला, गलबतं त्याच्या पलीकडेच थांबू लागली, तशी रास लांब गेली. मजुरी मात्र तीच राहिली. बायांनी ठरवलं, चांगुणाने शेटजवळ वाढ मागायची. तो नाही म्हणाला, तर तिनं गाणं तोडायचं आणि सगळ्यांनी टोपल्या खाली ठेवायच्या.

शेट बांधावर उभाच होता. तिनं तोंड उघडण्याआधीच हसला. "ये गो चांगुणे. मजुरी वाढवायची ना? नाय वाढवत."

याला कोणी सांगितलं? तिनं टोपली खाली ठेवली. मागे गाणं तुटलं.

मग गाणं उठलं. तिच्या मागेच टोपली घेऊन चालणाऱ्या गोमीच्या लग्नात चांगुणानंच जुळवलेलं, आणि गळा गोमीचा. बाया घुटमळल्या, एकमेकींकडे बघत राहिल्या, आणि शेवटी त्यांनी ओळ झेलली.

"रागवू नको गो," जवळून जाताना गोमी पुटपुटली, "मुकादमीण केलंय त्यानं मना."

टोपल्या पुढे गेल्या. चांगुणा बांधावर बसली, आणि तिची मेली पावलं त्या तालावर हलतच राहिली.