कोंड्याला विकली

कौशल्या सकाळी कामाला निघाली तेव्हा प्रणिता झोळीत पाय नाचवत होती. तिला दात येत होते, त्यामुळे हनुवटी सारखी ओली. तानूबाईनं नातीच्या हिरड्यांना भाकरीचा कडक पापुद्रा लावला आणि सुनेला म्हणाली, "जा ग तू. आता वळून बघितलीस तर रडंल."

"आत्ती, औषध पाण्यातनं द्या हं. ताकातनं नको."

"तुझ्या नवऱ्याला कुणी वाढवलं? शेजाऱ्यांनी?"

कौशल्या हसली आणि गेली. सर्जापूर रोडवरच्या उंच इमारतींच्या मागं पत्र्याच्या खोल्यांचं एक वठार होतं, त्यातली एक खोली त्यांची. नवरा यल्लाप्पा त्या इमारतींमधले नळ दुरुस्त करी आणि ती तिथंच भव्या नावाच्या बाईकडं स्वयंपाक करी. कामासाठी शहरात आलेली निपाणीकडची माणसं. घरात मराठी, बाहेर कन्नड.

प्रणिताच्या आधीची दोन मुलं जन्मून लगेच गेली होती. म्हणून ही झाली तेव्हा तानूबाईनं गावाकडची रीत केली. बाळाला सुपात घातलं आणि शेजारच्या धनलक्ष्मीच्या दारात नेऊन विकलं. धनलक्ष्मी बसथांब्यावर फुलं विकणारी, एकटी बाई. तिनं बाळाच्या बदल्यात ओंजळभर कोंडा दिला आणि पोर उराशी धरून मोठ्यानं म्हणाली, "आता ही माझी." मग सांभाळायला म्हणून कौशल्याच्या हातात परत दिली. पोर त्या आईची नव्हेच असं समजून मृत्यूनं पुढं जावं, एवढाच त्यातला अर्थ. लेकरू जगावं म्हणून आई आपलं आईपण तेवढ्यापुरतं सोडून देते.

त्या सकाळी कौशल्या कामावर गेल्यावर पाण्याचा टँकर आला. तानूबाई घागरी घेऊन धावली. परत आली तेव्हा झोळी रिकामी होती.

यल्लाप्पानं पोलिसांत खबर दिली. भव्या कामावर सुट्टी टाकून धावत आली. ती मनानं चांगली होती, हे आधीच सांगितलेलं बरं. तिनं फोन काढला. "कौशल्याताई, तुम्ही बोला. काहीही बोला. मी लगेच सगळीकडे शेअर करते, हजारो लोक बघतील."

कौशल्याचे डोळे कोरडे होते. ती दाराकडं बघत म्हणाली, "माझी न्हवंच ती. मी तर तिला कोंड्याला विकली हुती. विकली हुती की धनलक्ष्मीअक्काच्या दारात. मग कशी ग गेली?"

व्हिडिओ टाकताच लोक विचारू लागले, आई काय म्हणते? भव्या पुण्यात इंग्रजी शाळेत शिकलेली. कोंडा तिला ठाऊक होता तो केसांतला. गव्हाचा कोंडा तिनं कधी हातात धरला नव्हता. तिनं तो व्हिडिओ दोनदा ऐकला. तिच्या अंगावर काटा आला. मग तिनं खाली इंग्रजीत लिहिलं की आई म्हणते, मी बाळ कोंड्या नावाच्या माणसाला विकलं, धनलक्ष्मीच्या घरी. पोलिसांना मदत होईल असं तिला वाटलं.

दुपार सरायच्या आत तो व्हिडिओ कुठच्या कुठं गेला. लोकांनी फक्त 'विकली' एवढाच तुकडा कापून घेतला. कुठल्या दूरच्या गावातल्या माणसानं तो सावकाश चालवून तिच्या पापण्या किती वेळा लवतात ते दाखवलं. कुणी लिहिलं, आई असती तर रडली असती. कुणी लिहिलं, मुलगी होती ना, मग बरोबर. भव्याच्या नवऱ्यानं, ऋतुराजनं, जेवता जेवता सांगितलं, "मीपण जरा लॉजिक लावलं. आजी पाण्याला गेली हे फारच सोयीचं नाही वाटत?"

"तिच्या हातची पोळी खातोयस तू," भव्या म्हणाली. पण तिचाही आवाज पक्का नव्हता.

इमारतीच्या फाटकाशी इस्त्रीची गाडी लावणारा कोंडय्या नावाचा आंध्राकडचा म्हातारा होता. कुणीतरी त्याचा फोटो टाकला. संध्याकाळी पोरांनी त्याची गाडी उलटवली, निखारे रस्त्यावर सांडले. तो हात जोडून तेलुगूत काही सांगत राहिला, आणि जो तो त्याचं चित्रण करत राहिला.

निपाणीहून यल्लाप्पाच्या थोरल्या भावाचा, व्यंकोजीचा, फोन आला. "तम्मा, घरातल्या घरात सांग. खरं काय हाय?"

"अण्णा, तू सुदिक?"

"मी न्हाई रे. फोनवर आलंय म्हणून इचारलं."

यल्लाप्पानं फोन ठेवला आणि भिंतीला टेकून लहान पोरासारखा रडला.

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात साहेबानं विचारलं, "हा कोंड्या कोण?"

तानूबाई उसळली. "कसला कोंड्या? कोंडा! दळणाचा कोंडा! म्हशीला घालतात त्यो!"

साहेब कानडी माणूस. कोंडा ऐकताच त्याच्या ध्यानात आलं. मग डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवत मोडक्या मराठीत म्हणाला, "अज्जी, माझ्या तातांचं, आजोबांचं, नाव तिप्पण्णा. तिप्पे म्हणजे उकिरडा. त्यांनापण असंच उकिरड्यावर ठेवून उचललं होतं." तो हवालदाराकडं वळला. "सकाळपासून आलेले कोंड्याचे सगळे फोन सोडून द्या. खरं बघितलेलं कुणी आहे का, ते शोधा."

खरं बघितलेली एकच होती, धनलक्ष्मी.

चोरीच्या दिवशी थांब्यावर तिच्या समोरून एक बाई शालीत गुंडाळलेलं बाळ घेऊन तमिळ मुलखातल्या होसूरच्या बसमध्ये चढली होती. रडणं ओळखीचं वाटलं, म्हणून धनलक्ष्मीनं विचारलंसुद्धा. बाई म्हणाली, बहिणीचं आहे. संध्याकाळी गिऱ्हाइकाच्या तोंडून चोरीची गोष्ट कळली तेव्हा ती फुलांची टोपली तिथंच टाकून पळत निघाली. वठाराच्या तोंडाशी आली तर तिच्याच दारापुढं गर्दी. हातात फोन, तोंडात तिचं नाव. कुणीतरी तिच्या दारावर खडूनं लिहिलं होतं, बाळ विकणारी.

ती मागं फिरली. मिळेल त्या बसनं कोलारकडं बहिणीच्या खेड्यात गेली आणि आतून कडी लावून बसली. पोलिसांना सांगावं असं तिला रोज वाटे आणि रोज बहिणीच्या फोनवर स्वतःचंच तोंड दिसे. शेवटी राहवेना. डोक्यावरून पदर घेऊन ती परत आली आणि सरळ ठाण्यात गेली.

पोलीस लगेच होसूरला धावले. ती बाई तिथं एका भाड्याच्या खोलीत राहून गेली होती. आदल्याच दिवशी गेली होती. घरमालकीण म्हणाली, "बाळ गुणाचं होतं. दात येत होते, रात्रभर कुरकुरायचं. मीच तिला मध दिला चाटवायला." पुढचा माग लागला नाही.

धनलक्ष्मीनं कौशल्याचे पाय धरले. "मी भ्याले ग, कौशल्या. विकत घेतलेलं पोर, मला सांभाळता आलं नाही."

कौशल्यानं तिला उठवलं. तानूबाई कोपऱ्यातून पुटपुटत होती, "विकायला मीच लावली. मीच."

भव्यानं व्हिडिओ काढून टाकला. चूक कबूल करून नवा टाकला. तो फारसा कुणी पाहिला नाही. जुना मात्र अजून फिरतो आहे. तिनं कौशल्याच्या दारात येऊन सांगितलं, "माझ्यामुळे झालं. मला काय करू ते सांगा."

"फोन घरात ठेवा," कौशल्या म्हणाली, "आणि माझ्यासंगं चला. मला तमिळ येत न्हाई."

भव्यालाही तमिळ येत नव्हतं. तरी ती गेली. आता सुट्टी आली की दोघी होसूरच्या बसस्थानकावर जातात, प्रणिताचा फोटो हातात घेऊन एकेका बाईला विचारतात.

परवा तिथं एक तरुण बाई बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. कौशल्या तिच्यासमोर उकिडवी बसली. "स्वल्प तोंड बघू दे ग. नुसतं बघतो."

बाईनं तिला ओळखलं. झटकन बाळावर पदर ओढला आणि ओरडली, "हीच ती! पोर विकणारी!"

माणसं जमली. फोन वर झाले. भव्या मधे उभी राहिली आणि तिला येत होतं तेवढ्या कानडीत, हिंदीत, मिळेल त्या भाषेत मोठ्यानं म्हणाली, "हिनं विकलं नाही. ते मी लिहिलं होतं. मला तिचं बोलणं कळलं नाही आणि मी लिहिलं. माझं चित्रण करा, हिचं नको."

कुणी फोन खाली केला नाही. पण त्या तरुण बाईनं भव्याकडं पाहिलं, मग जमिनीवर बसलेल्या कौशल्याकडं पाहिलं, आणि हळूच पदर बाजूला केला.

कौशल्या त्या तोंडाकडं खूप वेळ बघत राहिली. मग उठली. "न्हवं," म्हणाली. "झाका. ऊन लागंल." आणि पुढच्या बाकाकडं गेली.

हा प्रसंगही एव्हाना कुणाकुणाच्या फोनवर गेला असेल. तुमच्याकडंही आला असेल. आईचे डोळे कोरडे होते हे तुमच्यापैकी पुष्कळांना आठवतं. त्या लेकराचं तोंड कसं होतं, ते कुणी सांगेल का?