राहून गेलेली चौथी नळी

सासूबाईंची दाढ वाचणार की निघणार, याचा आज निकाल होता, आणि निकाल लावायचा होता सुनेने. आठ वर्षांपूर्वी त्या दाढेचं रूट कॅनाल तिनेच केलं होतं, हात नवा होता तेव्हा. मुळांतल्या तीन नळ्या साफ करून भरल्या आणि केसाएवढी बारीक चौथी राहूनच गेली. जंतूंना तेवढी जागा पुरे होते. त्यांनी तिथे ऐसपैस संसार थाटला आणि गेल्या महिन्यात दाढ पुन्हा ठणकायला लागली.

सुनेने सगळं उकरून चौथी नळी शोधली आणि नेहमीचं पांढरं औषध आत भरून ठेवलं. त्या औषधाने भलेभले जंतू गारद होतात, पण हे चिवट निघाले. पंधरा दिवसांनी नळीतून पुन्हा तोच कुजका वास! मग तिने औषधात क्लोरहेक्सिडिन या जालीम जंतुनाशकाची जेल कालवली. एवढ्यानेही भागलं नाही, तर दाढ काढायची. ‘चूक माझी’ हे सांगायला मात्र तिची जीभ रेटत नव्हती.

आज तिने औषध धुऊन काढलं आणि कागदाची बारीक वात नळीत घालून बाहेर ओढली. वात कोरडी होती. मास्क खाली करून तिने हुंगलं, काहीच वास नाही. आनंद व्हावा, तर आठवलं, सर्दीने नाक दोन दिवस चोंदलेलं. आपल्याला सकाळी करपलेलं दूधही कळलं नव्हतं.

तेवढ्यात सासूबाईंनी हात पुढे केला. तोंडावर रबराचा पडदा ताणलेला, बोलायची सोय नाही, पण खूण चोख होती: आण इकडे. शेजारच्या घरात फोडणी जळली, तर या बाई आपल्या खिडकीतून गॅस बंद करायला ओरडतात. त्यांनी वात एकदा हुंगली, दुसऱ्यांदा हुंगली, डोळे मिटून विचारही केला. सुनेचा जीव टांगणीला लागला. मग त्यांनी रिकामा हात हलवला. काही नाही.

सुनेला इतकं हायसं वाटलं की डोळेच भरून आले. तिने चारही नळ्या टोकापर्यंत भरल्या, एक्स-रे दोनदा बघितला, पडदा काढला आणि बोलून टाकलं, “आई, चौथी नळी तेव्हा माझ्याकडूनच राहिली होती.”

“माहितीय,” सासूबाई चूळ भरून म्हणाल्या. “तुला सांगायच्या आधी बाजारातल्या डॉक्टरला दाखवलं होतं. म्हणाला, कुणीतरी एक नळी सोडलीय, दाढच काढून टाका.”

“मग काढली का नाही?”

“काढली असती, तर तू जन्मभर त्या खिंडाराकडे बघत बसली असतीस. आणि मला जेवताना कुणी तोंडाकडे बघितलेलं खपत नाही.”