फ्लेक म्हणा, क्रील म्हणा

"तूच धुऊन नेलास माझा मुलगा! वर्षाच्या पहिल्या दिवशी धुणं काढलं की घरातलं एक माणूस धुऊन जातं, माहीत नव्हतं तुला?" केझाया ओरडत होती.

"माहीत होतं, आई."

"मग? तुमच्या गावात माणसापेक्षा सदरा महाग असतो वाटतं! सांग ना, का धुतलास?"

सून चुलीतला विस्तव सारत राहिली. दोघींच्या डोक्यावर मी, आणि माझ्या दांडीवर हार्टलीचा तो सदरा, वाळून कडक झालेला. त्याच आठवड्यात खाणीत दगड घसरला आणि हार्टली गेला. तेव्हापासून मला खाली घ्यायला कुणाचा हात झाला नव्हता.

मी बोलतेय, वरून. यॉर्कशरच्या डोंगरातल्या एका स्वयंपाकघराच्या छताला दोरांनी टांगलेली चार दांड्यांची चौकट, एवढीच मी. दोर सोडला की खाली येते, ओढला की वर जाते. पण खुर्चीत बसणाऱ्यांना दिसत नाही ते मला दिसतं, हे ठणकावून सांगते. मला कुणी शिकवलं नाही. माणसांचे टाळू बघून बघून शहाणी झाले.

केझायाच्या नवऱ्यानं लग्नाच्या वर्षी मला घडवलं. ओटच्या पातळ, ओल्या भाकऱ्या ती माझ्यावर टाकायची. त्या चामड्यासारख्या लोंबायच्या आणि चुलीच्या उबेनं कुरकुरीत व्हायच्या. ती मला फ्लेक म्हणायची. तिची आईही असल्या चौकटीला तेच म्हणायची.

मग खालच्या गिरणीच्या गावातून आयव्ही लग्न होऊन आली.

"क्रील खाली घेऊ का, आई?"

"क्रील तुझ्या माहेरी. इथं फ्लेक आहे."

त्या दिवसापासून जे जुंपलं ते जुंपलंच. भाकरी करपली, पण दोघींपैकी एकीनंही आपला शब्द सोडला नाही. हार्टली बिचारा मला 'वरच्या बाई' म्हणायचा. "वरच्या बाई, एक भाकरी टाका हो खाली. यांचं मिटेपर्यंत मी उपाशी मरेन!" मला ते नाव आवडायचं. आवडायचं तर आवडायचं, लाज कसली?

नव्या वर्षाच्या पहाटे केझाया तापानं चुलीपाशी कोसळली. हार्टलीनं तिला उचलून खांद्यावर घेतलं. तिला शुद्ध नव्हती. खोकल्याची उबळ आली आणि त्याचा खांदा रक्तानं लाल झाला. तिला वर निजवून खाली आल्यावर तो आयव्हीला म्हणाला, "आई उठायच्या आत धुऊन टाक. तिला हे दिसता कामा नये."

"आज? आज नको रे."

"मग उद्या तिला काय सांगू?"

आयव्हीनं थंड पाण्यात सदरा धुतला. खांदा पुन्हा पुन्हा चोळला आणि माझ्यावर वाळत टाकला. आणि आता शिव्या खात होती, तरी तोंड उघडत नव्हती.

"आजच्या आज माहेरी चालती हो!" केझाया म्हणाली. "आणि हा सदरा मी जाळते."

तिनं दोर सोडला. मी खाली आले. तिनं सदरा ओढला, चुलीपाशी नेला आणि थांबली. खांद्यावर एक फिकट तपकिरी डाग उरला होता, आजारी माणसाचं तोंड टेकतं नेमका तिथं. असलेच डाग पडलेले रुमाल ती महिनाभर उशीखाली लपवत होती. तिला वाटे, घरात कुणाला माहीत नाही.

तिनं सुनेकडे पाहिलं. सुनेनं मान खाली घातली.

आज त्या दोघी नाहीत. भाकऱ्या टाकायला इथं कुणी नाही. सुट्टीपुरते राहायला येणारे लोक माझ्यावर वाळलेल्या फुलांच्या जुड्या टांगतात आणि विचारतात, "हे काय असतं?" फ्लेक कुणी म्हणत नाही, क्रीलही नाही. दोघींचे शब्द दोघींबरोबर मातीत गेले. बाबांनो, काहीही म्हणा, पण नाव घेऊन एकदा हाक मारा.

मी मात्र अजून तो दिवस धरून लोंबते आहे. केझायानं सदऱ्याची नीट घडी केली, छातीशी धरली. आयव्ही पेटी भरायला निघाली तेव्हा केझाया पाठमोरीच म्हणाली,

"आयव्ही, क्रील खालीच राहू दे, भाकऱ्या टाकायच्यात आपल्याला."