सगळे पैसे माझ्याच पोटात

मी पैशांची पिशवी बोलतेय. परदेशी फिरायला निघालेली माणसं शर्टाच्या आत, थेट पोटावर बांधतात ना, ती. घामाने भिजलेय आणि डोकंही तापलंय, तेव्हा जरा फटकळ बोलले तर वाईट वाटून घेऊ नका.

शिलाईच्या कारखान्यात जन्मले. दोन चेन, एक पट्टा, आत मऊ अस्तर. सहा महिने एका दुकानात हुकाला लटकून काढले. तिथून मला एका लेकीने उचललं, आईबाबांच्या पहिल्या परदेशवारीसाठी. बाबा बँकेतले निवृत्त कॅशियर, आई दवाखान्यातल्या निवृत्त नर्स. मी त्यांना साहेब आणि बाई म्हणते.

लेकीने बजावून सांगितलं होतं, "बाबा, सगळे पैसे एका जागी ठेवू नका. थोडे आईकडे द्या. रोजच्या खर्चाचे सुटे वरच्या खिशात. ही पिशवी लोकांसमोर उघडायची नाही. आणि हॉटेलचा पत्ता दोघांकडे हवा."

"कॅशियरला शिकवतेस होय गं?" असं म्हणत साहेबांनी नोटा, दोन्ही कार्डं, दोघांचे पासपोर्ट, पत्ता, सगळं माझ्यात कोंबलं. माझी चेन कशीबशी लागली.

बाई म्हणाल्या, "अहो, मला थोडे द्या ना."

"तुला कशाला? मी आहे ना बरोबर!"

झालं! तिथून माझे हाल सुरू झाले. साधी पाण्याची बाटली घ्यायची तरी साहेब भर दुकानात शर्ट वर करणार, चेन ओढणार, अंगठ्याला थुंकी लावून नोटा मोजणार. मागे रांग खोळंबलेली! गल्ल्यावरची मुलगी बिचारी छताकडे बघत राहायची आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. किंमत छापलेल्या वस्तूलाही बोटं नाचवून घासाघीस. जेवणानंतर वाढणाऱ्यासाठी टीप ठेवायची म्हटलं, की बिल न वाचताच "धरले असतील त्यांनी त्यात" म्हणून उठायचे. अहो, वाचा तरी!

तिसऱ्या दिवशी व्हायचं तेच झालं. बसथांब्यावर तिकिटाचं यंत्र होतं. बस येताना दिसली मात्र, साहेब ओरडले, "तू चढ, जागा पकड! मी तिकिटं काढून आलोच."

बस निम्मी रिकामी होती हो! पण सवय कुठे जाते? बाई चढल्या, शेजारच्या सीटवर स्वेटर ठेवून बसल्या. इकडे यंत्र मोठी नोट घेईना. साहेबांनी ती उलटी घातली, सुलटी घातली, मांडीवर घासून पुन्हा घातली. सुटे? नावालाही नाहीत. दार लागलं, बस निघून गेली.

बाईंकडे ना तिकीट, ना पैसा, ना फोन. "दोघांत एक फोन पुरे" हेही साहेबांचंच डोकं. आणि बाईंचा पासपोर्ट माझ्यात.

एकाहत्तराव्या वर्षी साहेब बसमागे धावले. मग टॅक्सी करून शेवटच्या थांब्यापर्यंत गेले. बाई नाहीत. चौकशीच्या खिडकीवर रांग मोडून घुसले, तिथल्या माणसाने हात दाखवून मागे पाठवलं. शेवटी हॉटेलवर परतून दारात येरझाऱ्या घालत राहिले. माझ्यात खच्चून पैसा होता आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता. एवढा राग आला होता मला त्यांचा, तरी कीव आली.

अडीच तासांनी बाई चालत हॉटेलच्या दारात आल्या.

"कशी आलीस? कुणाला काही द्यायचंय का? किती झाले?" साहेबांचा हात लगेच माझ्या चेनवर.

बाई सरळ खोलीत गेल्या. मग म्हणाल्या, "तपासनीस आला. मी बिनतिकिटाची. एका अनोळखी बाईने माझा दंड भरला. हॉटेलचं नाव लक्षात होतं म्हणून विचारत विचारत पोचले." त्यांनी रिकामी पर्स पलंगावर आपटली. "छत्तीस वर्षं नोकरी केली मी. दर पहिल्या तारखेला पगाराचं पाकीट न उघडता तुमच्या हातात दिलं. आणि आज चार लोकांत भिकाऱ्यासारखी उभी होते."

साहेबांनी मला पोटावरून सोडलं आणि बाईंपुढे धरलं. बाईंनी पलंगावर सगळं मांडलं. नोटांचे दोन भाग केले. आपला भाग, एक कार्ड आणि आपला पासपोर्ट पर्समध्ये टाकला, पत्ता कागदावर उतरवून घेतला आणि मला साहेबांच्या मांडीवर ठेवून दिलं.

आता मी निम्मी रिकामी आहे, पट्टाही सैल झालाय. प्रवासाला निघणाऱ्यांनो, कोपरापासून हात जोडते तुम्हाला. पोचल्या पोचल्या मोठ्या नोटा मोडून घ्या. रांगेत उभे राहा. मला चारचौघांत उघडू नका. आणि घरातल्या बाईचे पैसे तिने मागायच्या आधी तिच्या हातात द्या.

काल संध्याकाळी बाई एकट्याच खाली गेल्या. तासाभराने परतल्या त्या हसतच. "समोरच्या कॅफेत बसून कॉफी प्यायले," म्हणाल्या.

साहेबांच्या ओठांवर 'किती झाले?' हा प्रश्न आला होता. पण त्यांनी तो गिळला. पोटावरच असते मी त्यांच्या, खाली उतरताना स्पष्ट जाणवला मला.