हवा भरणारा माणूस

शेवगावच्या कचेरीतले कारकून राधाकृष्ण यांना चित्रांचा नाद. तोही साधासुधा नव्हे. पुण्याहून जुना एअरब्रश आणलेला. पेनाएवढी वस्तू, मागून नळीने हवा सोडली की पुढून रंगाचं धुकं उडतं. कचेरीच्या गणपतीमागे त्यांनी रंगवलेलं आभाळ लोक बोट लावून बघत. "कुठं फटकारा म्हणून दिसत नाही हो!" असं कुणी म्हटलं की राधाकृष्ण डोळे मिटून मान हलवत आणि ती स्तुती आपल्या खाती जमा करत.

खर्चाची बाजू घरात होती. एअरब्रशला जोडलेल्या ट्रकच्या ट्यूबमध्ये पायपंपाने हवा भरायची आणि चित्र संपेस्तोवर भरतच राहायची, हे काम त्यांच्या पत्नी पुष्पावतीबाईंचं. बाहत्तरच्या थंडीत बाईंचा गुडघा धरला. तेव्हा राधाकृष्णांनी कॉम्प्रेसर घ्यायचं ठरवलं, तेही बायकोसाठी. हे त्यांच्या नावावर मांडलंच पाहिजे, कारण पुढे मांडण्यासारखं फारसं नाही.

दोघं एसटीने नगरला आली. छगनशेठच्या यंत्रांच्या दुकानात बाई स्टुलावर बसल्या. साहेब उभे राहिले, कारण साहेबांना बोलायचं होतं.

शेठनी आधी गॅरेजवाला मोठा दाखवला.

"हा चालू केला तर शेजारी भांडायला येतील," राधाकृष्ण म्हणाले.

"मग हा छोटा." शेठनी बटण दाबलं. राधाकृष्णांनी आपला एअरब्रश जोडून कागदावर निळा रंग उडवला. हवा धक्के देत होती. कागदावर देवी उठल्यासारखे ठिपके आले.

"आमचं काम असं नसतं," म्हणत त्यांनी पिशवीतून आपलं एका चेहऱ्याचं चित्र बाहेर काढलं.

शेठनी चष्मा लावला. "वा! एक ठिपका नाही. कुठला कॉम्प्रेसर आहे?"

"पायपंप. ट्यूबला."

"पायपंपावर एवढी सारखी हवा? भरतं कोण?"

प्रश्न सरळ होता, उत्तर चार हातांवर बसलं होतं. पण कचेरीतला माणूस बायकोला पंपावर उभं करतो, हे परक्या दुकानात सांगायचं कसं?

"ठेवलाय एक माणूस," राधाकृष्ण म्हणाले.

स्टूल किंचित करकरलं.

"भारी माणूस आहे," शेठ रंगात आले. "गालापाशी बघा, हवा कशी हलकी केलीय! तुमचा हात बघून पाय चालवतो तो. काय देता त्याला?"

"तसं काही नाही. घरातच जेवूनखाऊन असतो."

"फुकट? अहो साहेब, मग यंत्र कशाला घेता? असा माणूस सोडू नका!"

राधाकृष्ण हसले. थांबायला जागा होती, हसण्याऐवजी बोलायलाही होती. ते हसले.

"शेठ," बाई पहिल्यांदाच बोलल्या, "त्या माणसाचा गुडघा गेलाय. यंत्रच दाखवा. धक्का न देणारं."

त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. शेठनी त्यांच्याकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं आणि घाईघाईने फडक्याने एक यंत्र पुसायला घेतलं. जुन्या फ्रिजमधून काढलेलं होतं ते, खाली छोटी टाकी जोडलेली. चालू केलं तर नुसतं गुणगुणलं. निळा रंग कागदावर सायीसारखा पसरला.

"हे बरंय," बाई म्हणाल्या. राधाकृष्णांनी पाकीट काढलं.

यंत्र घेऊन हमाल स्टँडकडे निघाला, मागोमाग बाई. राधाकृष्ण कोपऱ्यापर्यंत गेले आणि "आलोच" म्हणून परत फिरले. दुकानाच्या पायरीवरूनच त्यांनी हाक मारली.

"शेठ, मघाशी मी जे बोललो... हवा भरणारा माणूस म्हणजे... त्या..."

"कळलं मला," शेठ म्हणाले. "पण साहेब, हे मला कशाला सांगता?"

राधाकृष्ण स्टँडवर आले. बाई यंत्राचं खोकं पायाशी घेऊन बाकावर बसल्या होत्या. शेवगावची गाडी लागायची होती; वेळ भरपूर होता, आजूबाजूला कुणी ओळखीचंही नव्हतं. राधाकृष्ण शेजारी बसले. घसा खाकरला.

"का गेला होता परत?" बाईंनी विचारलं.

"पावती राहिली होती."

बाईंनी त्यांच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

"मिळाली?"

"मिळाली," राधाकृष्ण म्हणाले.